कट्ट्यावर कंपायलर नसतो

ज्याला स्वतःच्या वीस ओळींच्या प्रोग्रॅममधला राहून गेलेला सेमीकोलन सापडत नाही, त्याला देशाचं नेमकं कुठे चुकतंय ते मात्र चहा यायच्या आत सापडतं, असा आम्हा सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांवर घरच्यांचा आणि दारच्यांचा जुना आरोप आहे. आरोप खरा आहे. मला तर तो सौम्यच वाटतो, कारण देशाबरोबरच पुण्याची मेट्रो, भारताची मधली फळी, मिसळीत बटाटा असावा की नसावा आणि लिफ्टची दोन्ही बटणं एकदम दाबणाऱ्या माणसांचं काय करावं, या विषयांवरही माझी मतं तयार असतात आणि ती न मागता मिळतात. वाद एवढाच की हे असं का होतं. लोक म्हणतात, दोन अक्षरं शिकला आणि शिंगं फुटली. मी म्हणतो, ही नुकसानभरपाई आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याची चूक निकाल लागल्यावर कळते, वकिलीच्या विद्यार्थ्याची चूक काही वर्षांनी अशिलाला कळते. आमची चूक तिथल्या तिथे, लेखी, लाल अक्षरांत, शेजारच्या कॉम्प्युटरवरच्यालाही वाचता येईल अशी जाहीर होते आणि हे दिवसभर चालू राहतं. माणसाला दिवसातून एकदा तरी बरोबर असावं लागतं. ती भूक लॅबमध्ये भागत नाही, म्हणून कट्ट्यावर भागवावी लागते, आणि कट्ट्यावर कंपायलर नसतो.

कंपायलर हा काय गृहस्थ आहे ते बाहेरच्यांना कळणं अवघड. सातव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला, तर तो बहुधा सातव्या ओळीबद्दल बोलतच नाही. आठव्या ओळीत निमूट बसलेल्या रिटर्नवर बोट ठेवतो आणि म्हणतो, याच्या आधी काहीतरी हवं होतं. एक महिरपी कंस मिटायचा राहिला तर चूक निघते फाइलच्या अगदी तळाशी, जिथे कोणी काही लिहिलेलंच नाही. त्यातून आमच्याकडच्या कित्येक कॉलेजांत अजून टर्बो सीची निळी खिडकी उघडते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं हे प्रकरण आमच्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठं आहे, त्यामुळे त्याला उलट बोलता येत नाही. त्यात साधा पूर्णांक सोळा बिटांचा असतो. 32,767 च्या पुढे एक मिळवला की तो थेट उणे 32,768 वर जाऊन आदळतो. विधानसभेची मतमोजणी करणारा प्रोग्रॅम कोणी भाबडेपणाने त्यात लिहिला, तर 40,000 मतं घेतलेल्या उमेदवाराच्या नावापुढे उणे 25,536 उमटतात. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त होतं, हे आपल्याला माहीत आहे. उणे मतं पडली तर उमेदवार आयोगाला काय देणं लागतो, याबद्दल कायदा गप्प आहे. हे नको म्हणून पायथॉनकडे जावं आणि 0.1 अधिक 0.2 किती असं विचारावं, तर उत्तर येतं 0.30000000000000004. याचं कारण चोख आहे. दशांशातला 0.1 द्विमान पद्धतीत पुरता मावत नाही, आणि आयट्रिपलई 754 हे 1985 सालचं मानक पाळणारी यंत्रं असंच वागणार. कारण कळतं, पण चौथीतल्या पोराला येणारी बेरीज यंत्राला येत नाही आणि तरी परीक्षेत नापास आम्हीच होतो, ही खंत राहते.

कर्निगन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या 1978 सालच्या पुस्तकापासून अशी प्रथा रुळली की पहिल्या प्रोग्रॅमने पडद्यावर जगाला नमस्कार करावा. नमस्कार एवढंच काम. सल्ला द्यावा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. पण पहिल्या प्रॅक्टिकलला जगाशी ओळख होते, पुढे दोन-तीन प्रॅक्टिकलं उलटली की इफ-एल्स येतं, आणि इफ-एल्स आलं की जग सुधारायचं सगळं सामान हाताशी आल्यासारखं वाटतं. यावर कोणी म्हणेल, मतं काय सॉफ्टवेअरवाल्यांचीच मक्तेदारी आहे? रिक्षावाले, सलूनवाले, सोसायटीचे सेक्रेटरी आणि सकाळी बागेत जमणारे पेन्शनर यांनी कुठे सी शिकलीय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. मतं सगळ्यांकडे असतात, आमच्याकडे उपाय असतात. सीएनजीच्या भावाबद्दल रिक्षावाल्याचं मत त्याने रोज खिशातून पैसे मोजून विकत घेतलेलं असतं. 2023 च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा लासलगावच्या बाजारात शेतकऱ्याचं जे मत झालं, ते त्याच्या ट्रॉलीत भरलेलं होतं. आमच्या मताला ना भाडं ना हमाली. त्यामुळे आमचं प्रत्येक वाक्य ‘सोपं आहे, फक्त’ असं सुरू होतं. सोपं आहे, फक्त मतदान मोबाइलवर आणायचं. सोपं आहे, फक्त आमदार फुटला की त्याची आमदारकी आपोआप जाईल असं करायचं. सोपं आहे, फक्त एक ॲप. या ‘फक्त’च्या पुढे जे येतं ते जमवायला प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षं पुरलेली नाहीत, पण आम्हाला कोणी विचारलं नसेल.

आमचं सगळ्यात लाडकं क्षेत्र अर्थातच बहुमत. तिथे आकडे असतात, आणि आकडे म्हटले की आम्ही पुढे. विधानसभेत 288 जागा, निम्म्या 144, बहुमत 145, इथवर कोणीही येतो. लोकसभेत मात्र 543 आहेत. निम्म्या 271.5, त्यात एक मिळवला तर बहुमताला 272.5 खासदार लागतात, आणि अर्धा खासदार, सभागृहात अधूनमधून दिसत असला तरी, मोजता येत नाही. मग टीव्हीवर 272 हा आकडा येतो कुठून? इथे सी भाषा मदतीला धावते. तिच्यात पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उरलेला अपूर्णांक गुपचूप टाकून दिला जातो. 543 भागिले 2 म्हणजे 271, अधिक एक, 272. राज्यघटना स्वीकारली गेली तेव्हा सी भाषेचा जनक डेनिस रिची आठ वर्षांचा होता, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हा नाजूक प्रश्न आहे. मी ते दोन्ही बाजूंना वाटून देतो. आणि एकाने काय होतंय असं विचारणाऱ्याला 17 एप्रिल 1999 ही तारीख सांगावी. वाजपेयी सरकारच्या बाजूने 269, विरुद्ध 270. आमच्या धंद्यात अशा एकाच्या घोळाला ऑफ बाय वन म्हणतात. नवशिक्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि ती आमच्यापैकी बरेचजण जन्मायच्या आधी देशाने संसदेत करून दाखवली होती.

ऑफ बाय वनचा विषय निघालाच आहे, तर तो पुरता झाल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही. मोजणी शून्यापासून सुरू करावी की एकापासून, यावर एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने 1982 मध्ये एक छोटं टिपण लिहिलं आणि शून्याच्या बाजूने कौल दिला. त्याचा युक्तिवाद असा की सुरुवात धरावी आणि शेवट सोडावा, म्हणजे दोन टोकांची वजाबाकी हीच एकूण संख्या होते. टिपण सुरेख आहे, पण त्या माणसाच्या घरी गणपती बसत नसत. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते चतुर्दशी. वजाबाकी केली तर दहा, बोटांवर मोजलं तर अकरा. गणपती दहा दिवसांचा म्हणायचा आणि तो पोचवायला अकराव्या दिवशी निघायचं, हे आपण इतकी वर्षं कोणत्याही टिपणाशिवाय करतो आहोत. पाच दिवसांचा गणपती मात्र पाचव्या दिवशीच जातो आणि सात दिवसांचा सातव्या. म्हणजे लहान मुक्कामाला शेवटचा दिवस धरायचा आणि मोठ्या मुक्कामाला सोडायचा. एकाच सणात मोजणीचे दोन कायदे ठेवणारा प्रोग्रॅमर आमच्याकडे असता तर त्याला प्रोजेक्टमधून काढलं असतं. यातून सगळ्यात शहाणपणाने सुटला तो दीड दिवसाचा गणपती. तो चतुर्थीला येतो आणि पंचमीला जातो. वजाबाकीने एक दिवस, बोटांवर दोन. पूर्वजांनी भांडत न बसता सरासरी काढली. हीच गोष्ट जिन्याची. आपल्याकडे तळमजला हा शून्य आणि पहिला मजला एक जिना चढल्यावर. अमेरिकेत जमिनीवरच्या मजल्यालाच पहिला म्हणतात. सी भाषा जन्मली अमेरिकेत, पण तिची ॲरे आपल्या चाळीचा जिना चढते. बाळाला तिसरं लागलं असं आजी म्हणते तेव्हा त्याचे वाढदिवस दोनच झालेले असतात, आणि सी भाषेत तिसऱ्या घराचा क्रमांकही दोनच असतो. सोमवारी कारकून ‘आठ दिवसांनी या’ म्हणाला तर आपण बिनचूक पुढच्या सोमवारी हजर होतो, म्हणजे सातव्या दिवशी. आठव्या दिवशी, मंगळवारी गेलेला मराठी माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. एवढा प्राचीन सराव असलेल्या समाजातली मुलं फॉर-लूपमध्ये ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा तेवढं’ यात घोटाळा करतात, याचं खापर माझ्या मते अभ्यासक्रमावर फुटलं पाहिजे.

तर बहुमत. आमच्या तर्काचा खरा कस लागतो तो पक्षांतरबंदी कायद्यावर, कारण तो वाचताना हुबेहूब प्रोग्रॅम वाटतो. 1967 साली हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, पुढे हा खेळ देशभर पसरला, आणि 1985 मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्ष सोडला तर आमदारकी गेली. पण एक तृतीयांश फुटले तर ती फूट, मग चालेल. म्हणजे किरकोळ पक्षांतर गुन्हा आणि घाऊक पक्षांतर सवलतीत. 2003 च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने ती सवलत काढली आणि दोन तृतीयांश आमदारांच्या पाठिंब्याने होणारं विलीनीकरण तेवढं शिल्लक ठेवलं. आता 2022 चा जून आठवा. शिवसेना फुटली, तिचे तेव्हा 55 आमदार होते आणि सगळ्या वाहिन्यांवर आठवडाभर 37, 37 चाललं होतं. हे गणित नवशिक्याने सी भाषेत मांडलं तर तो लिहितो, 2 भागिले 3 गुणिले 55. पण 2 भागिले 3 ही पूर्णांकांची भागणी, तिचं उत्तर शून्य. शून्य गुणिले 55, शून्य. म्हणजे शून्य किंवा अधिक आमदार फुटले तर कोणीही अपात्र नाही, असा निकाल हा प्रोग्रॅम देतो. सर हसतात, मार्क कापतात आणि सांगतात की आधी गुणून मग भाग. तसं केलं तर येतात 36, म्हणजे पुन्हा एकाने चुकलं.

पण या प्रकरणातली खरी गंमत बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे आहे. फुटलेल्यांनी आम्ही अमक्या पक्षात विलीन झालो असं म्हटलंच नाही. आम्हीच मूळ पक्ष, असं म्हटलं. 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिलं. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तेव्हाचे मुख्यमंत्री ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येणार नाही. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरवला नाही. यातला कोणताही निकाल 37 या आकड्यावर टांगलेला नव्हता. प्रोग्रॅममध्ये एखादा व्हेरिएबल थाटात जाहीर करायचा आणि पुढे कुठेच वापरायचा नाही, असं केलं तर आमचा कंपायलर ताकीद देतो. वाहिन्यांना अशी ताकीद देणारं कोणी नसतं, कट्ट्यालाही नसतं. आणि माझा तो नवशिका प्रोग्रॅम, ज्याने कोणीही अपात्र नाही असं पहिल्याच फटक्यात सांगितलं होतं, त्याचे कापलेले मार्क परत द्यायला हवेत असं माझं नम्र मत आहे.

आता दुसरा आक्षेप येणार, आणि तो आमच्यातलाच एखादा हुशार घेणार. हा दोष तर्काचा नाही, कायदा ढिला लिहिल्याचा आहे. नीट कोडसारखा लिहा, पळवाटा बुजतील. अर्धं मान्य. दहाव्या परिशिष्टात अध्यक्षांनी किती दिवसांत निकाल द्यावा याची मुदतच नाही, हा उघड दोष आहे. आमच्याकडे टाइमआउट न लिहिता उत्तराची वाट बघत बसणारा प्रोग्रॅम कोणी पास करत नाही. मणिपूरच्या एका प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिने असं म्हटलं, तरी इथे दीड वर्ष लागलं. पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. कोडला वाचणारं यंत्र एक असतं आणि त्याला काही हवं नसतं. कायद्याला वाचणारे शेकडो, आणि प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठवताना मंत्रिमंडळाची बैठक लागली नाही, कारण केंद्राच्या कामकाज नियमांतला बारावा नियम पंतप्रधानांना तातडीच्या वेळी नियम बाजूला ठेवू देतो. हा नियम 1961 पासून तिथेच होता. आम्हीही असे अपवाद लिहितो, फक्त ते चालवायला पहाटे उठत नाही. आणि 145 चं म्हणाल तर तो आकडा घटनेत कुठेही नाही. कलम 189 हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत मागतं. 30 नोव्हेंबर 2019 ला ठाकरे सरकारच्या बाजूने 169 मतं पडली आणि विरुद्ध शून्य, कारण 105 आमदारांचा भाजप सभात्याग करून बाहेर गेला होता. गणपूर्तीची अट सोडली तर त्या दिवशी जिंकायला एक मतही पुरलं असतं.

कंपायलरची एवढी निंदा केल्यावर त्याची एक गोष्ट कबूल करायला हवी. तो कितीही खवट असला, तरी नाकारताना ओळीचा नंबर सांगतो. एखादी ओळ मागेपुढे होईल, पण सांगतो. मग शिष्यवृत्तीचं पोर्टल बघा. ‘पडताळणी सुरू आहे’ हे वाक्य तिथे सबंध सत्रभर मुक्कामाला असतं आणि मग एके दिवशी त्या जागी ‘त्रुटी’ एवढंच येतं. कोणती त्रुटी, कुठल्या कागदात, कोणाच्या टेबलावर, काही नाही. बहुतेक वेळा निघतं काय, तर उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात ‘डब्ल्यू’ आणि आधारवर ‘व्ही’. ज्या मुलीची पुढच्या सत्राची फी त्या अर्जात अडकलेली असते, तिचे वडील एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तालुक्याला जातात, खिडकीपाशी उभे राहतात आणि ‘ऑनलाइन बघा’ हे ऐकून परत येतात. त्यांची दुरुस्तीला ना नसते. अक्षर कुठलं ते सांगा, एवढंच त्यांचं मागणं असतं. पीकविम्याचा नाकारलेला दावा, जात पडताळणीचा परत आलेला अर्ज, निकालाच्या यादीत नसलेला नंबर, सगळीकडे हीच गत. म्हणून मघाचा माझा सिद्धांत थोडा वाढवून घेतो. कट्ट्यावरच्या आमच्या बोलण्यात जो तिखटपणा असतो तो सगळाच कंपायलरच्या माराने आलेला नाही. दिवसभर एक यंत्र नको तितकं सांगतं आणि उरलेलं जग विचारूनही सांगत नाही, या दोन्हींच्या मध्ये बसून आम्ही बोलत असतो, आणि मग आवाज चढतो.

याला उपाय नाही असं मात्र कोणी समजू नये. डेटाबेसमध्ये नकाराच्या कारणाचा एक रकाना वाढवायचा, तो भरल्याशिवाय तपासणाऱ्याला पुढे जाता येऊ नये, आणि भरलेलं कारण अर्जदाराच्या मोबाइलवर मराठीत जावं. शनिवार-रविवारचं काम आहे. यावर अनुभवी माणसं म्हणतील, रकाना दिलात तर साहेब त्यात एक टिंब टाकून पुढे जातील. जातील. मग टिंब चालणार नाही अशी अट घालू. ते दोन टिंबं टाकतील. मग किमान वीस अक्षरं हवीत असं करू. ते ‘त्रुटी त्रुटी त्रुटी त्रुटी त्रुटी’ असं लिहून मोकळे होतील. मग लिहायला द्यायचंच नाही, कारणांची यादी द्यायची आणि त्यातून एक निवडायला लावायचं. सोपं आहे, फक्त त्या यादीत ‘इतर’ हा पर्याय ठेवायचा नाही.